मदत हवी आहे: कातकरी वाडीचं गाऱ्हाणं जिनिव्हाला कसं पाठवायचं?

नमस्कार मंडळी. मी रोह्याजवळच्या एका कातकरी वाडीवर संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. वाडी खाजगी जागेवर, घरं कुडाची. परवा एका आजीने छपरात खोचलेली पिशवी काढून दळीच्या (म्हणजे डोंगरउतारावर कसायला दिलेल्या) जमिनीची जुनी पावती दाखवली. घडीवर फाटलेली, शाई उडालेली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा टाकलाय, पण फाईल हलत नाही. आता शेजारच्या डोंगरावर मोजणीचे खुंट आलेत, वाडीला कुणी विचारलंसुद्धा नाही.

संयुक्त राष्ट्रांचा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ ला मंजूर झाला, भारताने बाजूने मत दिलं. मात्र सरकार म्हणतं, इथे सगळेच मूळनिवासी! (सोयीचं आहे; मग आदिवासींचे वेगळे हक्क मानायलाच नकोत.) आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) आदिवासींविषयीचा १०७ क्रमांकाचा करार आपण मान्य केलाय, १९८९ चा १६९ नाही.

संयुक्त राष्ट्रांनी आदिवासी हक्कांसाठी नेमलेल्या विशेष प्रतिवेदकाकडे (हा स्वतंत्र तज्ज्ञ असतो, पत्ता जिनिव्हाचा) कुणालाही थेट तक्रार पाठवता येते, एवढं मला कळलंय. ती इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये लागते, म्हणजे आपल्याला इंग्रजीच, आणि माझं इंग्रजी बेताचंच. कुणी अशी तक्रार लिहिली आहे का? सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन पडतं का? नावं उघड झाल्यावर वाडीला त्रास होईल ही धास्ती आहे, त्याचं काय करता?

आणखी एक. जाहीरनाम्यातलं ‘मुक्त, पूर्व व माहितीपूर्ण संमती’ हे वाडीवर कसं सांगायचं? मी म्हटलं, "आधी विचारा, सगळं सांगा, दमदाटी नको." आजी म्हणाली, "मग असं सरळ बोल की!"

अलिबाग-पेणकडचे कुणी असाल तर मी येऊन भेटतो.