कॅलिफोर्नियातील कामगार भरपाई: वाढीव रक्कम आणि उपचारांचा निर्णय
कामगार भरपाई, म्हणजे कामावर दुखापत झालेल्यांना मिळणारे उपचार आणि पैसे, यांच्या कायद्यातील २०१२ च्या सुधारणेमुळे कॅलिफोर्नियातील जखमी कामगारांचा फायदाच झाला, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. ही सुधारणा करणाऱ्या ‘सिनेट बिल ८६३’ या कायद्याने कायमस्वरूपी अपंगत्वाची भरपाई वाढवली आणि कमाईतील नुकसानीच्या मानाने ज्यांची भरपाई फारच तोकडी पडते अशा कामगारांसाठी वर्षाला १२ कोटी डॉलरचा निधी उभारला, हे खरे, परंतु विमा कंपनीने उपचार नाकारल्यास उद्भवणारा वाद त्याच कायद्याने न्यायाधीशांकडून काढून घेऊन स्वतंत्र वैद्यकीय पुनरावलोकनाकडे सोपवला. तेथील डॉक्टर रुग्णाला तपासत नाही, केवळ कागदपत्रे पाहून निर्णय देतो आणि त्याचे नावही कामगाराला कळत नाही. लबाडी, पक्षपात अशा मोजक्याच कारणांवरून हा निर्णय रद्द करता येतो, आणि तसे झाले तरी प्रकरण पुन्हा पुनरावलोकनाकडेच जाते! त्यातच तात्पुरत्या अपंगत्वाचा (बरे होईपर्यंत काम करता येत नाही त्या काळाचा) भत्ता २००४ च्या कायद्यापासून बहुतेक दुखापतींसाठी १०४ आठवड्यांपुरता मर्यादित असल्याने, शस्त्रक्रियेची मंजुरी रखडली तर ती मुदत वाट पाहण्यातच सरते.