मदत हवी आहे : इसबाच्या चट्ट्यावर जिवाणू सापडले, तरी प्रतिजैविक का दिले नसावे?

माझी मुलगी सात वर्षांची असून तिला तान्हेपणापासून अ‍ॅटोपिक इसब आहे. गेला महिनाभर तिच्या कोपरांच्या आतल्या बाजूचे आणि गुडघ्यांमागच्या लवणीतले चट्टे लाल झाले आहेत व खाजेमुळे तिला रात्री झोप लागत नाही. स्वॅबच्या तपासणीत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू आढळला. मात्र पू, पिवळ्या खपल्या किंवा ताप नसल्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांनी केवळ स्टेरॉइडचे मलम आणि मॉइश्चरायझर दिले.

हा जिवाणू सुमारे एकतृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात काहीही त्रास न देता राहतो, हे मला ठाऊक आहे. परंतु २०१३ साली उंदरांवर झालेल्या अभ्यासात त्याचे डेल्टा टॉक्सिन हे विष त्वचेतील मास्ट पेशींना (अ‍ॅलर्जीत खाज आणणारी रसायने सोडणाऱ्या पेशींना) चेतवते असे दिसले आणि २०२३ साली, पुन्हा उंदरांवरच, त्याचे प्रथिने तोडणारे व्ही८ हे एन्झाइम थेट चेतातंतूंना उद्दीपित करून खाज उठवते असे आढळले. खाजेची सुरुवातच तो करून देत असेल, तर त्याला तिथे राहू का द्यावे? स्टेरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्ती दबून तो अधिक वाढणार नाही ना? मलम लावताना दर वेळी माझा हात अडखळतो. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून जिवाणूंपुरते सांगते. मलम किती आणि किती दिवस लावायचे, हे डॉक्टरांनाच विचारावे.

आपण वाचलेले बरोबर आहे, पण हे चक्र उलट दिशेनेही फिरते. इसबात त्वचेचे संरक्षक आवरण आधीच कमकुवत असते, काही मुलांमध्ये फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे. त्वचेची नैसर्गिक आम्लता घटते आणि दाहात स्रवणारे आयएल-४ व आयएल-१३ हे प्रतिकारयंत्रणेचे संदेशवाहक घटक त्वचेने स्वतः बनवलेली जिवाणूनाशक पेप्टाइडे (छोटी प्रथिने) कमी करतात. अशा त्वचेवर ऑरियस फोफावतो आणि दाह आणखी भडकवतो. म्हणूनच स्टेरॉइडने दाह उतरला की बहुधा जिवाणूंची संख्याही घटते. आपल्याला वाटते त्याच्या नेमके उलट.

प्रतिजैविकाने ऑरियस काही काळ कमी होतो खरा, पण औषध थांबल्यावर तो नाकातून किंवा घरातल्या माणसांकडून परत येतो. शिवाय त्याला मारणारी पेप्टाइडे बनवणारे स्टॅफिलोकोकस होमिनिससारखे उपयुक्त जिवाणूही त्या औषधाने मरतात, आणि औषधाला न जुमानणारे वाण वाढण्याचा धोका असतो तो वेगळाच.

चट्टे ओले होऊन पिवळ्या खपल्या धरू लागले, पू किंवा ताप आला, तर मात्र त्वरित दाखवावे. एकसारख्या आकाराचे, दुखरे फोड एकत्र उठले, तर तो हर्पिसचा संसर्ग असू शकतो. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.