गोष्ट मालाची सांगा
गिऱ्हाइकाला आपल्या धंद्याची गोष्ट कशी सांगावी, असं विचारलं की बरेच जण म्हणतात, धंद्याची गोष्ट म्हणजे मालकाचा संघर्ष. मला ते पटत नाही. गिऱ्हाइकाला आपल्या कष्टांपेक्षा माल कुठून आला, कसा झाला, हे ऐकायला आवडतं. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरकडची ओळखीची मंडळी हिवाळ्यात पुण्याला भरीत पाठवतात. आधी डब्यावर नुसतं 'अस्सल खान्देशी चव' असायचं. तसं तर सगळेच लिहितात! मग त्यांनी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर कशी भाजतात, लाकडी भांड्यात कशी कुटतात, कांद्याची पात आणि हिरवी मिरची कधी पडते, एवढंच चार ओळींत छापलं. आता लोक 'काड्यांवरचंच आहे ना?' असं विचारून मागवतात.

अजून एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे माल त्या भागाचाच असल्याची सरकारी ओळख) मिळालंय. पण ते मानांकन आपल्या मालावर लावायचं तर उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, नुसतं जिल्ह्यात शेत असून भागत नाही. गावातल्या शेतकरी गटाने मिळून अर्ज केले तर कागदपत्रांची धावपळ बरीच कमी होते. लेबल छापायला टाकण्याआधी हे काम उरकून घ्या.