रानफुलांची टिपणं: ब्लॉग काढावा की फेसबुकच बरं?

वाटाड्या_सातारा:
नमस्कार मंडळी. कास, ठोसेघर भागातल्या रानफुलांवर ६०-७० मराठी टिपणं तयार आहेत, सगळी श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप केलेली. गूगलचं फुकटातलं ब्लॉगर घ्यावं म्हणतोय. फायदे-तोटे काय? चार पैसे सुटतात का?

कृष्णाकाठ:
ब्लॉगच काढा. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. फेसबुकवरची पोस्ट पुढच्या बहरापर्यंत कुणाला सापडणार? ब्लॉगचं पान गूगलमधून सापडू शकतं, पण त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर वाचता येणाऱ्या सर्वमान्य अक्षरसंचात हवा. श्रीलिपीचा मजकूर तसाच चिकटवलात तर नुसता कचरा दिसेल. कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ डोळ्यांनी तपासा. घोळ तिथेच होतो.

दुसरी गोम पत्त्याची. मथळा देवनागरीत असला की ब्लॉगर पानाला ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा असला मुका पत्ता देतो. लिहायच्या पानावर उजवीकडच्या ‘पर्मालिंक’मध्ये (पानाच्या कायमच्या पत्त्यात) जाऊन रोमन अक्षरांत फुलाचं नाव स्वतः घाला, शब्दांमध्ये आडवी रेघ. हे प्रकाशित करण्याआधीच. नंतर बदललात तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली जुनी लिंक मेलीच समजा, सेटिंग्जमध्ये रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणं) लावेपर्यंत.

पठारवेडा:
फुलांच्या ब्लॉगचा खरा तोटा वेगळाच आहे. तुम्ही जागा सांगता आणि माणसं तिथे पोचतात. कंदीलपुष्पाचा, म्हणजे आपल्या खरपुडीचा, कंद खातात. नेमकी जागा छापली की कुदळ घेऊन कोण जाईल सांगता येत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फोटोच्या फाइलमध्येच बसतात. चढवताना ते कुठे गाळले जातात, कुठे नाही, त्या भरवशावर राहू नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. जुन्या फोटोंचा स्क्रीनशॉट काढून तो चढवला तरी चालतं, फक्त बारकावे थोडे जातात. आणि मजकुरात ‘तलावापासून दुसऱ्या वळणावर डावीकडे’ लिहिलंत तर वरचं सगळं फुकट! ‘सातारा तालुका, पठारी भाग’ एवढंच पुरे. दुर्मिळ फुलाचं टिपण बहर ओसरल्यावर टाका.

मिरजेचा_तंबोरा:
पैशाचं म्हणाल तर धीर धरा. अ‍ॅडसेन्स, म्हणजे गूगलची जाहिरात-सेवा, मराठी पानांना चालतं, पण कमाई १० डॉलर झाली की पत्ता पडताळायला पिनचं (गुप्त आकड्याचं) पत्र टपालाने येतं आणि १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. वाडी-वस्तीचा पत्ता असेल तर पोस्ट आणि पिनकोड नीट घाला, नाहीतर पत्र कुठेतरी फिरत बसतं. रानफुलांवर नोकरी सोडू नये, एवढं माझं मत.

चोरी होणारच. लेखन आणि फोटो तुमचे असतील तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क आपोआप तुमचा, नोंदणीची सक्ती नाही. कुणी ब्लॉगरवर उचलून टाकलं तर गूगलच्या तक्रार-फॉर्मात तुमची आणि त्याची, दोन्ही पानांचे पत्ते द्या. फोटोवरचं नाव कोपऱ्यात नको, कातरून टाकतात. देठावरून, फिकट घाला.

आणि महिन्यातून एकदा सेटिंग्जमधून बॅकअप उतरवा. त्या फाइलमध्ये मजकूर आणि प्रतिसाद येतात, फोटो नाही. मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर, पानाच्या नावाच्या फोल्डरात ठेवा.

वाटाड्या_सातारा:
आभार. लोकेशन आत्ताच बंद केलं. प्रतिसाद उघडे ठेवावेत का?

कृष्णाकाठ:
ठेवा, पण मंजुरी लावून. नाहीतर पहिल्याच आठवड्यात कर्जाच्या जाहिराती, आणि त्यांच्याखाली ‘नेमकी जागा कुठे?’