जीएमसी ९५० : केबलवरचा मूळ टॅकोमीटर दुप्पट आरपीएम दाखवतोय

जुनी_जीएमसी

नमस्कार मंडळी. ट्रक १९५० च्या दशकातला जीएमसी ९५०. इंजिन डेट्रॉइट डिझेल ६-७१ च आहे, पण ट्रकचं मूळ इंजिन नाही, जनरेटर सेटवरून काढून बसवलेलं आहे. डॅशवरचा केबलवर चालणारा टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाला फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा मीटर) मूळचा, २५०० पर्यंतचा. तोच चालू करायचाय, इलेक्ट्रॉनिक नको.

केबल नवी टाकली. लेझर टॅकोमीटरने क्रँक पुलीवर आयडलिंगला ५०० येतात, डॅशवर काटा १००० च्या आसपास. १२५० च्या पुढे काटा शेवटच्या खुंटीला टेकतो. शिवाय तो सारखा थरथरतो, १०० ते १५० चा झोका. मीटरमागचा नट सोडला तर केबलमधून काळं ऑइल येतं. मीटर उघडू का?

टू_स्ट्रोक

मीटरला आत्ता हात लावू नका. बरोबर दुप्पट आकडा म्हणजे दोष गुणोत्तराचा आहे. मीटर बिघडला तर कमी दाखवतो, अडकतो किंवा भरकटतो. नेमका दुप्पट नाही दाखवत.

फोर-स्ट्रोकमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ट्रकचे बरेच जुने टॅकोमीटर "केबल निम्म्या वेगाने" या हिशेबाने बनलेले. ६-७१ टू-स्ट्रोक आहे. त्याचा कॅमशाफ्ट क्रँकच्याच वेगाने फिरतो, बॅलन्स शाफ्टही (कंपन कमी करणारा शाफ्ट). तिथून केबल थेट घेतली की मीटर दुप्पट दाखवणारच. मूळ इंजिनावर मधे वेग निम्मा करणारा छोटा गिअर अडॅप्टर असणार, आणि तो जुन्या इंजिनाबरोबर गेला असणार.

अडॅप्टर घेताना एकच गोष्ट नीट बघा. आत गिअरची एकच जोडी असेल तर वेग निम्मा होतो, पण फिरण्याची दिशाही उलटते. मग काटा शून्याच्या खालीच दाबून बसेल. तुमचा काटा आत्ता वर चढतोय, म्हणजे सध्याची दिशा बरोबर आहे. तेव्हा दिशा न बदलणारा अडॅप्टर घ्या. नाही मिळाला तर ड्राइव्ह (केबल जिथे इंजिनाला जोडते तो भाग) दुसऱ्या शाफ्टच्या टोकाला न्या: कॅमशाफ्ट आणि बॅलन्स शाफ्ट एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे दोन उलट मिळून एक सुलट होतं. कोणता शाफ्ट कोणत्या बाजूला, हे ७१ मालिकेत इंजिनाच्या प्रकारावर ठरतं (आरसी, एलए वगैरे अक्षरं), म्हणून ट्रकच्या जुन्या फोटोवरून अंदाज बांधू नका.

आटेही मोजून घ्या. हेवी ड्यूटी ड्राइव्हला साधारण ७/८ इंच, इंचाला १८ आटे. साध्या स्पीडोमीटर केबलला ५/८ इंच, इंचाला १८ आटे.

केबल_वायर

गुणोत्तराचं वर आलंच आहे. थरथर आणि ऑइल मात्र त्याने जाणार नाही.

ऑइल इंजिनातूनच येतंय. ड्राइव्हच्या शाफ्टवरचं छोटं सील गेलंय. आतली वायर पीळदार असते, ती फिरताना ऑइल स्क्रूसारखं वर ढकलते. सील बदला, ओठ इंजिनाकडे ठेवा. हे न करता पुढे गेलात तर ऑइल मीटरच्या चुंबकापर्यंत पोचेल (केबल हा चुंबक फिरवते आणि त्याच्या ओढीने काटा हलतो).

मग वायर पूर्ण बाहेर काढून डिझेलने धुवा, पुसा आणि सपाट काचेवर लोळवा. जिथे उडी मारते तिथे ती मुरगळलेली आहे. सरळ करत बसू नका, बदला. नवी वायर मापाला कापण्याआधी त्या जागी डाग (सोल्डर) द्या आणि मग कटिंग डिस्कने कापा, नाहीतर पदर सुटतात. दोन्ही टोकं बसल्यावर वायर मागेपुढे २-३ मिमी हलली पाहिजे. लांब राहिली तर ती मीटरच्या शाफ्टला रेटत राहते: बुश झिजतं, काटा थरथरतो. नव्या केबलवर लगेच थरथर असेल तर माझा पहिला संशय यावर, दुसरा वळणावर. ६ इंचांपेक्षा कमी त्रिज्येचं वळण कुठेही नको, विशेषतः फायरवॉलमधून आत येताना.

ग्रीस पातळ, खालच्या दोन तृतीयांश भागालाच. वरचा वीतभर कोरडा.

आणि हो, बहुतेक वायरींचा पीळ एकाच दिशेसाठी असतो. उलट फिरवली की बाहेरचा थर सैल होऊन आवरणात घासतो.

जुनी_जीएमसी

मीटर काढून ड्रिलवर फिरवला. ड्रिल ६०० ला (लेझरने मोजून) काटा ११५०, १००० ला १९००. ड्रिल बंद केल्यावर काटा शून्यावर येतो, पण हळूहळू.

टू_स्ट्रोक

म्हणजे डायल निम्म्या वेगाचाच, शंका मिटली. ४-५ टक्के कमी दाखवतोय, ते जुन्या चुंबकाचं लक्षण आहे. खऱ्या २१०० ला तो २००० दाखवेल. तेवढं लक्षात ठेवून चालवता येतं, इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर आहेच. काटा उपसून पुढे बसवू नका, त्याने खालचे आकडे बिघडतील. अचूकच हवा असेल तर मीटर दुरुस्त करणाऱ्याकडून चुंबक पुन्हा भारून घ्या.

केबल_वायर

काटा हळू परततोय याचा अर्थ ऑइल आत पोचलंय. चुंबक आणि ॲल्युमिनियमची वाटी यांच्यातली फट अगदी बारीक असते. तिथे चिकटपणा आला की चुंबक वाटीला ओढत राहतो. आता मात्र उघडावा लागेल. मागची बाजू खाली धरून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने वाटीची कड आणि चुंबक पुसा. केसासारख्या स्प्रिंगला धक्का नको, डायलच्या रंगावर थेंब नको, पेट्रोल तर मुळीच नको. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल तर तो चिकटपट्टीने उचला. वाळल्यावर मागच्या बुशच्या फेल्टला घड्याळाच्या तेलाचा एकच थेंब द्या आणि पुन्हा ड्रिलवर लावून बघा. काटा लगेच खाली आला की मगच डॅशमध्ये बसवा.