रशियाचे रुपये भारतात का साचले? ब्रिक्सची बँक आणि राखीव निधी नेमके किती कामाचे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

ब्रिक्सबद्दल (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आणि नंतर आलेल्या देशांचा गट) दोन टोकांचं वाचायला मिळतं. कुणी म्हणतं डॉलरचे दिवस भरले, कुणी म्हणतं ही सगळी बोलाचीच कढी. मला दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

एक, रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ला परदेश व्यापार रुपयात करण्याची सोय दिली. तरी मे २०२३मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह म्हणाले की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साचलेत आणि ते वापरता येत नाहीत. सोय होती, तर अडलं कुठे?

दोन, ब्रिक्सची न्यू डेव्हलपमेंट बँक आणि १०० अब्ज डॉलरचा राखीव निधी यांमुळे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची (अडचणीतल्या देशांना अटींवर कर्ज देणारी संस्था) गरज खरंच कमी होते का? नियम आणि आकडे धरून सांगा, भाकितं नकोत.

न्हावाशेवा

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. अडलं ते खात्यात नाही, व्यापारात.

रशियाची बँक भारतातल्या अधिकृत डीलर बँकेत (परकीय चलनाच्या व्यवहारांची परवानगी असलेली बँक) विशेष रुपया व्होस्ट्रो खातं, म्हणजे परदेशी बँकेचं इथलं रुपयांतलं खातं, उघडते. भारतीय आयातदार तेलाच्या बिलाचे रुपये त्या खात्यात भरतो आणि तिकडे रशियन बँक विक्रेत्याला रुबल देते. आता रुपये रशियन बँकेचे झाले. भारतीय निर्यातदाराने औषधं किंवा यंत्रं रशियाला पाठवली की त्याचे पैसे याच खात्यातून वळते होतात. आगाऊ रक्कम घ्यायची असेल तर बँकेने आधी पाहायचं की पाठवून झालेल्या मालाची देणी भागली आहेत ना. रुपयात वसूल झालेल्या निर्यातीला सरकारी सवलती मिळाव्यात म्हणून २०२२मध्येच विदेश व्यापार धोरणातही बदल केला गेला. म्हणजे कागदावर रस्ता मोकळा होता.

आता आकडे बघा. २०२४-२५मध्ये रशियाकडून आपली आयात सुमारे ६३.८ अब्ज डॉलर आणि निर्यात ४.९ अब्ज. तेरास एक. सगळं तेल रुपयात घेतलं असतं तर खात्यात तेरा रुपये येऊन एकच बाहेर गेला असता. उरलेल्या बारांचं रशियाने करायचं काय? रुपया भांडवली खात्यावर पूर्ण परिवर्तनीय नाही, म्हणजे गुंतवणुकीसारख्या व्यवहारांसाठी तो हवा तसा दुसऱ्या चलनात बदलता येत नाही, त्यामुळे ते रुपये देऊन तिसऱ्या देशाकडून यंत्र घेता येत नाही. शिवाय रुपया-रुबलचा थेट बाजार पातळ आहे, भाव काढायला मधे डॉलर घ्यावाच लागतो. म्हणून विक्रेते अमिरातीचे दिरहम आणि चीनचे युआन मागू लागले.

आणखी एक अडसर बँकांचा. अमेरिका-युरोपात ज्यांचा धंदा मोठा आहे त्या बँका दुय्यम निर्बंधांना (निर्बंध असलेल्या रशियाशी व्यवहार करणाऱ्या तिसऱ्या देशातल्यांवरची कारवाई) बिचकतात. डिसेंबर २०२३च्या अमेरिकी आदेशाने परदेशी बँकांवरच कारवाईची वाट उघडल्यावर कागदपत्रांची छाननी आणखी कडक झाली.

ताळेबंद

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. बँक आणि राखीव निधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बातम्यांत त्यांची कायम गल्लत होते. दोन्हींचे करार मात्र जुलै २०१४मध्ये ब्राझीलच्या फोर्टालेझा परिषदेत एकदमच झाले.

राखीव निधी म्हणजे भिशी नव्हे. कुणी एका जागी पैसे जमा केलेले नाहीत. प्रत्येक मध्यवर्ती बँकेने आपली गंगाजळी आपल्याकडेच ठेवून अडचणीत डॉलर द्यायचा शब्द दिला आहे: चीन ४१ अब्ज, भारत, रशिया व ब्राझील प्रत्येकी १८, दक्षिण आफ्रिका ५. उचल करायची मर्यादा वेगळी आहे. चीनला हिश्शाच्या निम्मी, मधल्या तिघांना हिश्शाइतकी, दक्षिण आफ्रिकेला दुप्पट.

खरी मेख पुढे आहे. मर्यादेच्या फक्त ३० टक्के रक्कम नाणेनिधीशी करार नसताना मिळते. उरलेल्या ७० टक्क्यांसाठी नाणेनिधीचा कार्यक्रम, म्हणजे अटींसह कर्जाचा करार, चालू असावा लागतो. भारतापुरतं गणित केलं तर १८ अब्जांतले ५.४ अब्ज मोकळे. सहाशे अब्ज डॉलरच्या वर गंगाजळी असलेल्या देशाला त्याने फार आधार मिळत नाही. दक्षिण आफ्रिकेला १० अब्जांपैकी ३. म्हणजे हा निधी नाणेनिधीला पर्याय नाही, त्याच्याच शेजारी टेकवलेली शिडी आहे.

बँकेची गोष्ट जास्त भक्कम आहे. पाच संस्थापकांचे प्रत्येकी १० अब्ज, त्यातले रोख २ अब्ज आणि ८ अब्ज मागणी झाल्यास द्यायचे. मुंबई मेट्रोच्या मार्गांना याच बँकेचं कर्ज आहे. पण बँक कर्जासाठी पैसा उभा करते तो मोठ्या प्रमाणात डॉलरच्या रोख्यांतून. म्हणूनच मार्च २०२२मध्ये तिने रशियातले नवे व्यवहार थांबवले. संस्थापक सदस्य असूनही! रोखे बाजारातलं पत मानांकन सांभाळायचं तर दुसरा मार्गच नव्हता. स्थानिक चलनातल्या कर्जाचा वाटा २०२२ ते २०२६ या काळात ३० टक्क्यांवर न्यायचं तिचं उद्दिष्ट आहे, आणि माझ्या मते कुठल्याही शिखर परिषदेच्या जाहीरनाम्यापेक्षा तो एक आकडा जास्त महत्त्वाचा.

कृष्णाकाठ

भिशीचा मुद्दा एकदम स्पष्ट झाला. मग न्यू डेव्हलपमेंट बँकेत पाचही संस्थापकांना समान मतं आहेत, याला काही अर्थ उरतो का?

दख्खनी

उरतो, आणि बराच. नाणेनिधीत अमेरिकेची मतं सुमारे साडेसोळा टक्के आहेत आणि मोठ्या निर्णयांना ८५ टक्के लागतात, म्हणजे एकट्या देशाला नकाराधिकार. भारताची मतं तिथे २.६ टक्क्यांच्या आसपास. न्यू डेव्हलपमेंट बँकेत पाचही संस्थापक सारखे आणि नकाराधिकार कुणालाच नाही. नवे सदस्य कितीही आले तरी संस्थापकांची एकत्रित मतं ५५ टक्क्यांखाली जाऊ शकत नाहीत. चीनची अर्थव्यवस्था बाकी चौघांपेक्षा कितीतरी मोठी असताना हे मान्य करून घेणं सोपं नव्हतं. मुख्यालय शांघायला गेलं आणि पहिले अध्यक्ष भारताचे के. व्ही. कामत झाले, ती देवाणघेवाण या संदर्भात पाहा.

ब्रिक्स गटाचं मात्र तसं नाही. त्याला सनद नाही, कायम सचिवालय नाही, सगळं एकमताने. सदस्य वाढले की एकमत महाग होतं. एप्रिल २०२५मध्ये रिओला परराष्ट्रमंत्री भेटले तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आफ्रिकेतून कोण, यावर इजिप्त आणि इथिओपिया अडले आणि संयुक्त निवेदनाऐवजी अध्यक्षांचं निवेदन काढावं लागलं.

याद्या वाचताना एक काळजी घ्या. गटाचे सदस्य आणि बँकेचे सदस्य एक नाहीत. बांगलादेश बँकेत आहे, गटात नाही. इराण गटात आहे, बँकेत नाही. अर्जेंटिनाला २०२३मध्ये आमंत्रण होतं, पण तिथले राष्ट्राध्यक्ष मिलेई यांच्या सरकारने नकार दिला, तरी काही जुन्या तक्त्यांत त्याचं नाव दिसतं. आणि रशियातल्या कझानच्या परिषदेत २०२४मध्ये ठरलेले 'भागीदार देश' ही तिसरीच यादी.

न्हावाशेवा

माझ्या उत्तरात एक भर. ऑगस्ट २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने व्होस्ट्रो खात्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी काढून टाकली आणि खात्यातली सगळी शिल्लक केंद्र सरकारच्या रोख्यांत गुंतवायला मुभा दिली. साचलेल्या रुपयांवर निदान व्याज मिळेल. तेरास एकचं गणित त्याने बदलत नाही.

आणि दिरहमात पैसे दिले म्हणजे डॉलर सुटला असं समजू नका. १ डॉलरला ३.६७२५ दिरहम हा भाव १९९७पासून बांधलेला आहे. अमिरातीबरोबर रुपयाचे व्यवहार त्यातल्या त्यात जमू शकतात, ते तिकडे आपली निर्यातही भरपूर आहे म्हणून. ऑगस्ट २०२३मध्ये इंडियन ऑइलने अबू धाबीच्या सरकारी तेल कंपनीकडून दहा लाख बॅरल तेल रुपयात घेतलं, ते रुपये खर्च करायला अमिरातीला भारतात बाजार आहे. रशियाच्या बाबतीत काही बदलतंय का हे पाहायचं असेल तर परिषदांच्या बातम्या सोडा, वाणिज्य मंत्रालयाच्या मासिक आकड्यांत औषधं आणि यंत्रसामग्रीची रशियाला होणारी निर्यात बघत जा.