काजव्यांचा फोटो एका क्लिकमध्ये येतो का?

नवखी_क्लिक

नमस्कार मंडळी. गेल्या जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. कॅनन १५००डी, किट लेन्स आणि ५० एमएम १.८ एवढंच माझं सामान. समोरचं झाड नुसतं लखलखत होतं आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मात्र काळा चौकोन, त्यात पाच-सात हिरवट ठिपके. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० केला तर सगळा फोटो रवाळ झाला. शटर ३० सेकंद उघडं ठेवून पाहिलं, तर आकाश पिवळट झालं आणि काजवे होते तेवढेच मिणमिणते.

इथे ट्रायपॉडवाल्या काकांनी टाकलेला बेहड्याच्या झाडाचा फोटो पाहिला आणि घरी दाखवला. बाबांचं बालपण राजूरला गेलंय. ते म्हणाले, "एवढे काजवे उभ्या जन्मात पाहिले नाहीत. हे कॉम्प्युटरवर चिकटवलेत." तेव्हा काका, राग मानू नका, पण फोटो खरा आहे का? आणि खरा असेल तर यंदा मी काय वेगळं करू?

ट्रायपॉडवाले_काका

राग कसला? बाबांना माझा नमस्कार सांग आणि सांग की त्यांचं म्हणणं बरोबर आहे. एका क्षणी त्या झाडावर एवढे काजवे नव्हतेच. पण त्यातला एकही काजवा चिकटवलेला नाही. त्या चौकटीत साधारण पाऊण तासात जेवढे काजवे चमकले तेवढे सगळे एकत्र दिसतात. फोटोखाली मी तसं लिहिलंही होतं, पण पुढे पाठवताना लोक फोटो पाठवतात, ओळी गाळतात.

आता तुझ्या ३० सेकंदांकडे येतो, कारण खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. काजव्याची एक चमक सेकंदभरसुद्धा टिकत नाही. शटर ५ सेकंद ठेव नाहीतर ३० सेकंद, त्या चमकेचा कॅमेऱ्यात पोचणारा उजेड तेवढाच. लग्नात फ्लॅश मारतात तसंच हे. चमक किती ठळक उमटणार ते ठरवतं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक (आकडा लहान तितकं भोक मोठं), आणि आयएसओ. शटर फक्त दोन गोष्टी ठरवतं, किती चमका गोळा होणार आणि मागचं आकाश किती उजळणार. तू शटर वाढवलंस, आकाश पिवळं झालं, काजवे होते तसेच राहिले. कॅमेऱ्यात बिघाड नाही, गणित तसंच आहे.

म्हणून किट लेन्स पिशवीतच राहू दे. तिचं ॲपर्चर ३.५ च्या पुढे उघडत नाही, आणि झूम केलं की ५.६ वर जातं. तुझी ५० एमएम सोन्यासारखी आहे. एफ २ वर लाव, आयएसओ १६००, शटर २० सेकंद. तुझ्या कॅमेऱ्यावर ५० एमएम जरा जवळचं दाखवते, त्यामुळे झाडापासून बरंच मागे उभं राहावं लागेल. ते एका अर्थी चांगलंच, काजव्यांच्या अंगावर जायला नको.

बेहड्याच्या त्या फोटोची हकीकत सांगतो. जागा रतनवाडीच्या अलीकडची, डांबरी रस्ता सोडून आत, एका शेताच्या बांधावर. शेतमालकाला दुपारीच विचारून ठेवलं होतं. समोर भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबाचा काळा तुकडा, त्याच्या पलीकडे बेहडा, त्यामागे डोंगराची कड. दिवसाउजेडी तासभर नुसता चकरा मारत होतो. अंधार पडल्यावर चौकट शोधायला गेलं की हटकून बॅटरी पेटते, आणि बॅटरी पेटली की दुकान बंद.

उजेड असतानाच फोकस केला. झाडाच्या खोडावर ऑटोफोकस घेतला, मग लेन्सचं बटण मॅन्युअलवर सरकवलं आणि फोकसच्या कड्याला इन्सुलेशन टेप. मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस, खिशात टेप कायम असते. तीच टेप कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर. कार्डावर फोटो उतरताना तो लुकलुकतो आणि अंधारात केवढा वाटतो ते बघशीलच. फोटो काढल्यावर स्क्रीनवर आपोआप दिसतो, तेही बंद केलं.

साडेसातच्या सुमारास, सूर्य बुडून निळसर उजेड उरला असताना, दोन-तीन फ्रेम घेतल्या. झाडाची फांदी न् फांदी आणि डोंगराची रेघ त्यांतून आली. त्यानंतर ट्रायपॉडला हात लावायचा नाही. नीट काळोख झाल्यावर रिमोटला लावून दिलं, २० सेकंदांची एक फ्रेम, एका सेकंदाची उसंत, पुन्हा फ्रेम. 'लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन' नावाचा पर्याय आधी बंद कर. तो चालू असला की प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा झाकलेली काळी फ्रेम घेत बसतो आणि निम्मे काजवे त्यात निघून जातात.

घरी येऊन या सगळ्या फ्रेम एकावर एक रचायच्या आणि 'लायटन' मोड लावायचा. संगणक प्रत्येक ठिपक्यापाशी सगळ्या फ्रेम ताडून बघतो आणि सर्वांत उजळ असेल तो ठेवतो. काळोख काळोखच राहतो, चमका साठत जातात. याचा तोटाही लक्षात घे. एखाद्या फ्रेममध्ये गाडीचा हेडलाइट झाडावरून फिरला तर सर्वांत उजळ तोच. ती एक फ्रेम सगळ्या रात्रीवर बसते. अशा फ्रेम निवडून काढून टाकाव्या लागतात. त्या रात्री माझ्या बऱ्याच गेल्या.

चौकटीत आकाश फार घेऊ नकोस. पाऊण तासात तारे अकरा-बारा अंश सरकतात आणि फोटोत ओरखडे दिसतात. मी वरची पट्टी संध्याकाळच्या फ्रेममधली ठेवली आहे, तेही सांगून टाकतो.

शंकासूर

म्हणजे झाड साडेसातचं, काजवे साडेआठचे, आकाश पुन्हा साडेसातचं. काका, तुमचा आदर आहे, पण याला फोटो म्हणायचं की चित्र? मी स्वतः कॅमेऱ्यातून निघेल तेच खरं मानतो.

रोलवाला

शंकासूर, मी आधी फिल्मवर काम केलेला माणूस, म्हणून मध्ये बोलतो. ४०० आयएसओचा रोल, शटर 'बी'वर, म्हणजे बटण दाबलंय तोवर उघडं, केबल रिलीज घट्ट पिळून ठेवायची आणि वीस मिनिटं चहा प्यायचा. एकच निगेटिव्ह, कात्री कुठे लागलेली नाही, तरी वीस मिनिटांचे सगळे काजवे त्यावर. त्याला तुम्ही खरा फोटो म्हणाल ना? डिजिटलमध्ये सलग वीस मिनिटं शटर उघडं ठेवलं तर सेन्सर तापतो, रंगीत ठिपके उमटतात, आकाश पांढरं पडतं. म्हणून तोच वेळ तुकड्यांत घेतात. काम तेच.

उलट फिल्मची एक गंमत होती. मंद उजेडात वेळ वाढवत गेलं की फिल्म सुस्तावते, त्या हिशेबात तिच्यावर उमटत नाही. त्यामुळे आकाश आपोआप काळं राहायचं, आणि काजव्याची चमक क्षणभराची असल्यामुळे ती मात्र पूर्ण उमटायची. फक्त काय आलंय ते रोल धुऊन येईपर्यंत कळायचं नाही, आणि धुऊन आल्यावर पुष्कळदा काहीच आलेलं नसायचं.

ट्रायपॉडवाले_काका

रोलवाल्यांनी माझं काम हलकं केलं. पण शंकासूर, तुमचा मुद्दा अगदीच मोडीत काढत नाही मी. माझ्यापुरती हद्द अशी आहे: ट्रायपॉड एकदा रोवला की त्याच जागेवरून, त्याच संध्याकाळी जे मिळेल तेवढंच. दुसऱ्या झाडावरचे काजवे आणायचे नाहीत, कालचे आणायचे नाहीत, एकच फ्रेम उलटी करून दोनदा रचायची नाही. हे शेवटचं सर्रास चालतं. बारकाईने बघितलंत तर ओळखू येतं, झाडाच्या डाव्या बाजूला जी नक्षी तीच उजवीकडे आरशात पाहिल्यासारखी. रंगावरूनही कळतं. आपल्याकडचा काजवा पिवळसर हिरवा. सोनेरी-केशरी दिसला की समजावं व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ओढलाय. मी तो ३८०० केल्व्हिनच्या आसपास ठेवतो आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढतो.

आणि फोटोखाली 'पाऊण तासाच्या फ्रेम एकत्र' असं लिहायला दोन ओळी पुरतात. स्पर्धेला पाठवताना तर लिहायलाच हवं, कित्येक स्पर्धांत स्टॅकिंगचा, म्हणजे अशा फ्रेम एकावर एक रचण्याचा, वेगळा नियम असतो.

डांगाणी

मी त्याच भागातला. फोटोचं मला फार कळत नाही, मोबाइलवर काढतो. पण चार गोष्टी सांगतो.

आमच्याकडं रोहिणीच्या सरी आल्या की काजवे दिसायला लागतात. मृग जोरात लागला, दोन-तीन मोठे पाऊस झाले की सरले. त्यामुळं तारीख धरून येऊ नका, गावात फोन करून या. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर जास्त. सगळ्या झाडांवर नसतात. एक झाड भरलेलं आणि शेजारचं कोरडं, असं असतं.

शनिवारी रात्री येऊ नका. गाड्यांची रांग लागते, गाणी लावतात, पोरं काजवे पकडून पाण्याच्या बाटलीत भरतात. एकानं तर झाडावर मोठा फोकस मारला, का तर फोटोत झाड दिसावं. झाड दिसलं, काजवे विझले, आणि परत लागायला किती वेळ गेला. सोमवार-मंगळवारी या, तेच झाड, माणूस कोणी नाही.

आणि अंधारात गवतात शिरू नका. काजव्यांच्या अळ्या ओल्या मातीत, पाचोळ्यात असतात, त्या गोगलगायी खाऊन जगतात. पाय पडला की पुढच्या सालचे काजवे गेले. दुसरं म्हणजे या दिवसांत फुरसं, घोणस बाहेर असतात. बांधावर उभं राहा, बूट घाला. अभयारण्य आहे, रात्री गाड्यांना वेळेचं बंधन असतं, ते नाक्यावरच विचारून घ्या.

शार्लटकर

आमच्याकडची पद्धत सांगतो. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये एल्कमाँट नावाची जागा आहे. मे अखेर-जूनच्या सुमाराला तिथले काजवे एका तालात चमकतात. पाच-सहा-सात चमका, मग सगळं जंगल आठेक सेकंद काळं, पुन्हा चमका. गर्दी इतकी वाढली की त्या दिवसांत संध्याकाळी गाडी नेण्याचा परवाना आता लॉटरीने मिळतो. टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळायचा, जमिनीकडे धरायचा आणि फक्त चालताना लावायचा. नवखी_क्लिक, तो लाल कागद शाळेच्या स्टेशनरीत मिळतो, दोन घड्या करून रबर लावा. डांगाणी म्हणतात त्या सापांसाठी एवढा उजेड पुरतो.

तंत्राबद्दल एकच भर: इथे तालामुळे २० सेकंदांत दोनेक झुंडी सापडतात, मग फार फ्रेम लागत नाहीत. मी मोजक्याच रचतो. जास्त रचल्या की झाड दिसेनासं होतं आणि नुसती हिरवी रांगोळी उरते. काकांच्या बेहड्यातही उजवीकडे थोडं तसं झालंय असं मला वाटतं. लहान तोंडी मोठा घास.

ट्रायपॉडवाले_काका

घास बरोबर आहे. उजवीकडच्या फांदीखाली गर्दी झाली आहे खरी. पण ती मी मुद्दाम ठेवली. त्या रात्री त्या फांदीखाली खरोखरच झुंबड होती आणि डावीकडे काळोख. सगळीकडे सारखे पसरवलेले काजवे मला लग्नाच्या मांडवाची रोषणाई वाटतात. तुम्हाला कमी आवडतील, मला जास्त आवडतात, इथे मतभेद राहू देत.

एक गोष्ट लिहायची राहिली. कॅमेरा आपलं काम करत असताना माणसाला काही काम नसतं, तेव्हा जवळचं बघावं. ट्रायपॉडच्या पायापासून हातभर अंतरावर गवताच्या काडीवर एक काजवा बसून चमकत होता, उडत नव्हता. पुष्कळ जातींत नर उडत चमकतो आणि मादी बसल्या जागेवरून उत्तर देते. वरून एक चमक जायची, थोडं थांबून काडीवरून एक, मग वरचा जरा खाली. असं करत तो काडीवर उतरला आणि दोघांचे दिवे मंद झाले. याचा फोटो माझ्याकडे नाही. फोकसला टेप लावलेली होती आणि ती काढली असती तर झाड हातचं गेलं असतं.

नवखी_क्लिक

सगळ्यांचे खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं. 'वीस मिनिटं चहा' हे त्यांना पटलं, आता यंदा तेही येणार म्हणतात. दोन शेवटचे प्रश्न: माझ्याकडे रिमोट नाही, आणि धाकट्या भावाला मोबाइलवर काढायचेत, जमेल का?

ट्रायपॉडवाले_काका

साधा वायरचा इंटरव्हलोमीटर, म्हणजे ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा रिमोट, घे, तुझ्या मॉडेलचा प्लग विचारून. तो नसेल तर साधी लॉक होणारी केबलही चालते. कॅमेरा सलग फोटोंच्या मोडवर ठेवायचा, बटण दाबून लॉक करायचं, फ्रेम आपोआप एकामागून एक निघत राहतात. कॅमेऱ्याच्या बॅटरी दोन ने.

मोबाइलवर नाइट मोड नको. तो आपल्या मनाने फ्रेम जुळवतो आणि बारीक ठिपके डाग समजून पुसून टाकतो. प्रो मोड, शटर ३० सेकंद, आयएसओ ८०० ते १६००, फोकस अनंतावर, आणि मोबाइल स्टँडवर. बटण दाबताना हलतो म्हणून तीन सेकंदांचा टायमर. स्क्रीनचा उजेड अगदी कमी करून वरून रुमाल टाकायला सांग.

अमावास्येच्या आसपासचे, आठवड्यातले दिवस बघ. पावसाआधीची हवा दमट असते, लेन्सवर बाष्प धरतं. मधून मधून लेन्सकडे नजर टाक आणि सुती फडकं खिशात ठेव. वारा सुटला तर मात्र गाशा गुंडाळ. फांद्या हलतात, काजवेही खाली गवतात बसतात, मग कितीही फ्रेम घेतल्या तरी उपयोग नाही.

आल्यावर रॉ फाइल इथे टाक, स्टॅकिंग कसं करायचं ते पायरीपायरीने दाखवतो. शंकासूर, तुम्हीही बघा.

शंकासूर

बघतो. पण सुटी एक फ्रेमही शेजारी लावा, एवढीच अट.